यंत्राची व्हायवा

गुंडो देशपांडे सर बंगळुरात के. आर. पुरमजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात बावीस वर्षं सिव्हिल शिकवताहेत. मी त्यांच्याच विभागात. त्यांच्या व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, मुलांना एवढी धास्ती, की आदल्या दिवशी निम्म्यांना ताप येतो. वेदिका ठवरे तीत दोनदा नापास झाली होती. प्रश्न विचारला की ही पोरगी नुसती जमिनीकडे बघायची. पुढच्या आठवड्यातली तिसरी खेपही गेली, तर तिचं वर्ष जाणार होतं.

एआय आल्यापासून मुलं घरून जी उत्तरं लिहून आणत, ती सगळी सारखीच गुळगुळीत. आम्ही बाकीचे बोटं मोडत बसलो. सरांनी मात्र त्या दिवशी लॅबमधल्या स्पीकरला एआय जोडला.

"स्मिताक्का, आज स्वल्प गंमत करू या," ते मला हळूच म्हणाले. "हा विद्यार्थी, अर्धाच अभ्यास करून आलेला. मुलं ह्याची व्हायवा घेणार."

पहिल्याच मुलाच्या तोंडून सवयीने कन्नड निघालं. यंत्राने कन्नडमध्येच उत्तर दिलं. सर हसून इंग्रजीत म्हणाले, "सरी, चालेल, ज्याला जी भाषा येते तिच्यात विचारा."

मग तेलुगू, मलयाळम, हिंदी. जिथे घसा खाकरून इंग्रजीच बोलायचं, त्या खोलीत बाजार भरला, आणि ते यंत्र ज्याला त्याला त्याच्या घरच्या भाषेत उत्तर देत होतं. मी आ वासून ऐकत होते. खरं सांगते, अंगावर काटा आला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून मराठीत प्रश्न आला. "काँक्रीटच्या तुळईत सळ्या कुठं घालतात?" नागपूरची वेदिका!

"खालच्या बाजूला," यंत्र मराठीत म्हणालं. "वजन आलं की ती बाजू ताणली जाते."

"अन् बाल्कनीत?"

"तिथेही खालीच."

"मग पडली न बाल्कनी! तिथं वरची बाजू ताणते. सळ्या वर पाहिजेत. माझे बाबा सळ्याच बांधतात, त्यांना विचार!"

त्यानंतर तिने आणखी चार प्रश्न विचारले आणि दोनदा यंत्राला चूक कबूल करायला लावली. पोरं बाकं वाजवत होती. ही तीच मुलगी, यावर माझा विश्वास बसेना.

सर मात्र हसत नव्हते. ते तिच्या बाकाशी गेले आणि मराठीत म्हणाले, "बाल्कनीचं मी तुला दोन्ही वेळा विचारलं होतं."

वेदिका बघतच राहिली. "सर, तुम्हाला मराठी येते? देशपांडे इकडे कानडीही असतात, म्हणून मला वाटलं..."

सरांनी व्हायवाची यादी मागवली आणि तिच्या नावापुढे तिथेच 'पास' लिहिलं. पेन बंद करायचंही त्यांना सुचेना.

"तुझी भाषा कुठली, ते ह्या यंत्राला एका प्रश्नात कळलं," ते म्हणाले. "मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही गं."