लेन्सचा भाव उतरेपर्यंत

बाबा एप्रिलमध्ये लीड्सला आमच्याकडे आले, सहा महिन्यांच्या व्हिसावर. नागपूरच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं होतं आणि आता त्यांची मधली नजर चालली होती. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच पुसलं जायचं. उरलंसुरलं हळूहळू जाईल, कधी ते सांगता येत नाही, असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मागच्या अंगणात रोझमेरीच्या झुडपावर काही गुणगुणलं की ते मला जवळ जाऊन वर्णन करायला लावायचे. पट्टे आहेत, पंख आहेत, यापलीकडे माझी मजल जात नसे. ते नुसती मान हलवायचे.

म्हणून मी ठरवलं की किड्यांचे फोटो काढायचे आणि टीव्हीवर मोठे करून त्यांना दाखवायचे. थोडंफार दिसतंय तोवर. कॅमेरा घरात होता, जुना पण धडधाकट. अडत होतं ते लेन्सपाशी. बारीक गोष्टी मोठ्या दाखवणाऱ्या खास मॅक्रो लेन्सची किंमत पाहिली आणि लॅपटॉप मिटला. मग स्वस्तातले मार्ग शोधले. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळ्या मिळतात. लेन्सच्या तोंडावर चष्म्यासारखी लावायची भिंगं मिळतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे एखादी जुनी साधी लेन्स उलटी धरून एका कड्याने कॅमेऱ्याला जोडायची. तेवढ्यानेही मोहरीएवढा किडा ओळखू येतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण दोन कॉफ्यांच्या किमतीत काही चांगलं मिळेल यावर माझा विश्वास बसेना. मला मधलं काहीतरी हवं होतं: खरी मॅक्रो लेन्स, पण सेकंडहँड, पण ओरखडा नसलेली, पण अर्ध्या भावात.

मी एक्सेल शीट केली. संध्याकाळी जेवणं झाली की जाहिराती वाचून दाखवायचो आणि बाबा सोफ्यावर डोळे मिटून ऐकायचे. आमच्या घरात सांगितल्या किमतीला वस्तू घेणाऱ्याला बावळट समजतात. बाबांनी तर नागपूरला पुस्तकाच्या दुकानातही घासाघीस केलेली आहे. एका लेन्सच्या काचेत बुरशी होती, तिला आम्ही नकार दिला. मँचेस्टरचा एक माणूस भाव सोडायला तयार नव्हता. एक लिलावात अगदी थोडक्यात हुकली, तेव्हा बाबा म्हणाले, जाऊ दे, दुसरी येईल, गरज आहे असं कुणाला दाखवू नये. बायको म्हणाली, तुम्ही दोघं लेन्स घेताय की स्थळ बघताय. खरं सांगायचं तर संध्याकाळच्या त्या बैठका मला आवडायला लागल्या होत्या. आम्ही दोघं एका कामाला लागलो होतो. मे गेला, जून गेला. लॅव्हेंडर फुललं, त्यावर माश्यांची जत्रा भरली आणि उठली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी बाबांनी चहा कपाच्या शेजारी ओतला आणि ओतत राहिले. ओट्यावरून खाली ठिबकायला लागल्यावर थांबले. मी फडकं घेतलं. मला भीती वाटली, आणि स्वतःची लाजही वाटली.

त्याच दुपारी दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमधून धूळ खात पडलेली जुनी, साधी पन्नास मिलिमीटरची लेन्स उचलली. मागतील ते पैसे दिले. उलटी जोडायचं कडं मागवलं, ते दोन दिवसांत आलं. फ्लॅशचा उजेड मऊ व्हावा म्हणून दुधाची प्लॅस्टिकची बाटली कापून त्याच्यापुढे लावली. एवढंच होतं. हे सगळं एप्रिलमध्येही मिळत होतं.

उलट्या लेन्सला झूम नसतो, फोकस नसतो. किड्याच्या पार नाकाशी जावं लागतं आणि श्वास रोखून केसभर मागेपुढे डुलावं लागतं. बाबांना पट्ट्यांची माशी हवी होती, जी दिसते गांधीलमाशीसारखी पण चावत नाही. तिचे पंख बघायचे होते त्यांना. ती माझी सावली पडली की उडायची. तीन शनिवार-रविवार मी गवतात गुडघे ओले केले. शेवटी कचऱ्याच्या डब्यामागे जाळ्यात बसलेला एक कोळी सापडला, जो हलत नव्हता. त्याचा फोटो आला, आणि काय आला! पायांवरचा केस न् केस मोजावा. मला लहान मुलासारखा आनंद झाला.

टीव्हीवर तो लावला आणि मुद्दामच काही बोललो नाही. बघताक्षणी ते नाव सांगतील, कदाचित लॅटिनमधलंसुद्धा, असं मला वाटत होतं. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. बराच वेळ पाहिलं.

"पंखांच्या शिरा काय स्वच्छ आल्यात," ते म्हणाले. "थांबलास ते बरं केलंस. घाईत लेन्स घेतली असतीस तर असं दिसलं नसतं."

पडद्यावर कोळ्याचे आठ पाय या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरले होते.

"हो बाबा," मी म्हणालो.