उपरण्याखाली दाबलेली दोन बोटं

बेळगावच्या एका वकिलाने मला फसवलं. येळ्ळूरच्या ज्या शेतकऱ्याला त्याने ऑलिंपिकला धावायला पाठवलं, त्यालाही त्यानेच फसवलं. पण तो शेतकरी शांत स्वभावाचा आहे, कुणाविरुद्ध बोलत नाही. म्हणून दोघांचं मीच लिहितो.

गेल्या महिन्यात या वकीलसाहेबांचा बेळगावात सत्कार झाला. त्याची छापील पुस्तिका कुणीतरी निपाणीला माझ्या वखारीत आणून दिली. तिच्यात लिहिलंय की, या मुलखातला पहिला धावपटू त्यांनी साता समुद्रापार धाडला, आणि त्याच्या जोडीच्या दुसऱ्या धावपटूने ‘स्वखुशीने माघार घेतली’. तो दुसरा म्हणजे मी. ते वाचल्यापासून मी गादीवर धड बसलेलो नाही. समोर गिऱ्हाईक बोलत असतं आणि मी मध्येच उठून दारापर्यंत जाऊन येतो. मुनीम विचारतो, काय पाहिजे मालक? काही पाहिजे नसतं. पन्नाशी ओलांडलेले पाय आहेत, पण ऐकत नाहीत.

मी धावायला मैदानावर शिकलो नाही. बोरगावच्या शेतातून तंबाखूच्या नमुन्याची जुडी उचलायची आणि इतर दलालांच्या आधी निपाणीच्या वखारीत पोचायचं, हे माझं विशीतलं काम. बाकीचे बैलगाडीतून पानं खात यायचे. त्यांची गाडी बाजारात शिरेपर्यंत माझा सौदा झालेला असायचा. कुणी म्हणायचं, याच्या पायाला चाकं हायती. मी म्हणायचो, तुमच्या बुडाला गाडी चिकटलीया. असं भांडत भांडतच मी उभा राहिलो. बापाने मागे फक्त एक पडकं छप्पर ठेवलं होतं.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं, आत एकाने दुसऱ्याची बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका आकडा. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. पण आत बोट दाबलं की ते फिरवायचं नाही. फिरवणाऱ्याशी दुसऱ्या दिवशी कुणी हात मिळवत नसे, पाणीसुद्धा विचारत नसे. मी या रीतीवर मोठा झालो. एवढंच जग आहे, असं मला वाटत होतं.

पहिलं महायुद्ध संपल्यानंतरची ती वर्षं. बेळगावातल्या एका जिमखान्याच्या शर्यतींत मी एक मैल धावायला लागलो होतो. वकीलसाहेब त्या जिमखान्याचे चिटणीस. तिथेच येळ्ळूरचा गडी भेटला. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, भाताच्या चिखलात वाढलेला, मांड्या कशा घट्ट. तो मला अण्णा म्हणायचा. दोनदा आम्ही एकत्र धावलो आणि दोन्ही वेळा मी पुढे होतो.

मग पुण्याला ऑलिंपिकसाठी निवड होणार असल्याचं कळलं. वकीलसाहेब खास निपाणीला आले. वखारीत माझ्या शेजारी बसून त्यांनी समजावलं की, तुम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवून धावलात तर दोघांचीही वेळ खराब होईल आणि एकही जाणार नाही. एकाने तीन फेऱ्या पुढे राहून जोराने ओढायचं, चौथ्या फेरीत दुसऱ्याला वाट द्यायची. जिंकणाऱ्याला निवड समिती नेईल आणि ओढणाऱ्याला जिमखाना आपल्या वर्गणीतून पाठवील. ओढायचं काम माझं. त्यांच्या मते मला वेगाचा अंदाज होता, त्याला नव्हता. ते खरंही होतं.

मी हात पुढे केला आणि खांद्यावरचं उपरणं वर टाकलं. ते हसले, पण हात दिला. आत मी विचारलं, बोटांनीच. त्यांनी माझी दोन बोटं दाबली. दोघं जाणार. मी अडत्यांचे दात मोजणारा माणूस, त्या दिवशी कागद मागितला नाही.

पुण्याचं मैदान गवताचं होतं. मैलाला चार फेऱ्या. मी पहिल्या पावलापासून पुढे गेलो. बोरगावच्या रस्त्यावर जसा श्वास बांधायचो तसा बांधला. मागे त्याची पावलं ऐकू येत होती, एकसारखी, माझ्याच तालावर. तिसरी फेरी संपली तेव्हा माझ्या छातीत अजून भरपूर दम होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी बाहेरच्या अंगाला सरकलो. तो बाजूने निघाला, जाताना म्हणाला, “येतो अण्णा.” मी त्याची पाठ लांब जाताना बघत शर्यत पुरी केली. दुसरा आलो. वेळ चांगली लागली, समितीने त्याचं नाव घेतलं. मी निपाणीला येऊन लोकरीचा कोट शिवायला टाकला.

जिमखान्याच्या वर्गणीतून गेला तो वकीलसाहेबांचा भाचा. व्यवस्थापक म्हणून. धोतर सावरत दहा पावलं धावला असेल तर शपथ.

मी बेळगावला त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर चार पक्षकार बसले होते, त्यांच्यासमोरच विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “अहो, तुम्ही मला तुमच्या बाजारातली गंमत दाखवत होता म्हणून मी हात दिला. असा कुठे करार असतो काय?” पक्षकार हसले. मी त्यांच्या पायरीवर असं काही बोललो की अजून त्या गल्लीत माझं नाव निघतं. पुस्तिकेत मात्र ते आलेलं नाही.

येळ्ळूरचा गडी परत आला तो आधी घरी गेला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे. पेपरात दोनच ओळी आल्या होत्या : प्राथमिक शर्यतीतच बाद. मी रागाने भरून बसलो होतो, त्याला बसही म्हटलं नाही. तो उंबऱ्यावरच टेकला.

“अण्णा, तितं मैल न्हवता,” तो म्हणाला.

मग हळूहळू सांगत गेला. तिथे पंधराशे मीटर पळायचे होते, म्हणजे मैलापेक्षा शेदीडशे पावलं कमी. फेऱ्याही पुऱ्या चार नव्हत्या. पट्टा वेगळा, सुरुवात वेगळ्याच ठिकाणाहून. कागदावर ते सगळं छापलेलं होतं आणि कागद भाच्याकडे होता. भाचा शहर बघायला गेला होता. शर्यतीच्या सकाळी येऊन त्याने एवढंच सांगितलं की, मैलच समज, थोडा इकडे तिकडे. याच्या पायांना चार फेऱ्यांची सवय. याने शेवटच्या जोरासाठी दम राखून ठेवला, आणि शर्यत संपल्याची दोरी आधीच आली.

“छातीत वारा तसाच राह्यला बघा,” तो म्हणाला. “आणि म्होरं तुमची पाठ न्हवती. कुणाच्या मागनं पळायचं, कळंना.”

तंबाखूच्या बाजारात गाव बदललं की मण बदलतो. कुठेही गेलो तरी माझा पहिला प्रश्न असतो, माप कुणाचं? मी तिथे असतो तर बोटीतून उतरल्या उतरल्या हाच प्रश्न विचारला असता. नाही सांगितलं असतं तर तिथल्या टोपीवाल्या साहेबाची टोपी ओढून विचारला असता.

त्याला मी विचारलं, तुला ठाऊक होतं का माझ्याशी काय ठरलंय ते? तो म्हणाला, “व्हय. वकिलांनीच सांगितलतं. बोटीवर भाचा दिसला तवा मी त्येलाच इचारलं. गप ऱ्हा म्हनला. गप ऱ्हायलो.”

त्याला मी कधीच माफ केलं. त्याने पुढे दोन वर्षं इथल्या शर्यती मारल्या, मग गुडघा गेला. आता येळ्ळूरला भात पिकवतो. सत्काराला त्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं म्हणे. तो मध्येच उठून आला.

वकीलसाहेब, तुम्ही अजून कोर्टात उभे राहता, लोकांना शपथा घालून विचारता. आता मी विचारतो. निपाणीला या, बाजाराच्या दिवशी नको, गर्दीत तुम्हाला लाज वाटेल. कधीही या. येळ्ळूरचा गडीही मी बोलावून ठेवतो. हे उपरणं तेच आहे, मी ते फेकलेलं नाही. त्याच्यासमोर यावर हात ठेवा आणि सांगा : त्या दिवशी तुम्ही माझी किती बोटं दाबली होती?