आधी ड्रायव्हरनं बोलायचं

बुलढाण्याला रेल्वे नाही. येईल, येईल म्हणता म्हणता आमच्या पिढीचे केस पांढरे झाले. आमच्या माडीवर मात्र रेल्वे आहे आणि तिच्यापायी मला दोन खोल्यांवर पाणी सोडावं लागलं. एका खोलीत शेगाव, दुसरीत मलकापूर आणि मधल्या भिंतीला भोक पाडून केलेला बोगदा. खऱ्या लाईनवर तिथे बोगदा नाही, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यावर आमचे हे म्हणाले, "भिंतबी नाई ना तिथं."

हे रेल्वेत ड्रायव्हर होते. माझी नोकरी इथल्या कोर्टात कारकुनाची, म्हणून बिऱ्हाड इथं. ड्यूटी संपली की हे मलकापूरला उतरायचे आणि एसटीनं घाट चढून घरी यायचे. मुख्य लाईनवर आता विजेची इंजिनं धावतात, पण यांचा जीव डिझेलवर. निवृत्त झाल्यावर यांनी वीतभर लांबीचं एक डिझेल इंजिन मागवलं आणि मग त्याच्यासाठी सगळा मुलूख उभा केला. गोणपाट आणि पुट्टीचे डोंगर, काड्यापेटीएवढी घरं, घासणीचे तुकडे हिरवे रंगवून केलेली झाडं. ती घासणी माझ्या मोरीतली होती.

खेळण्यातली गाडी म्हटलेलं यांना अजिबात खपत नाही. खुर्चीत ताठ बसून, बटणावर दोन बोटं ठेवून हे गाडी अशी सोडतात की डबे कधी हलले ते कळत नाही. गाडी सुटली हे प्रवाशाला खिडकीबाहेर पाहिल्यावरच समजलं पाहिजे, असं यांचं म्हणणं. रूळ मांडलेल्या फळीवर जागोजागी सिग्नलचे बारके दिवे आहेत: लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा. ते आपले आपण बदलतात. पुढे कुठला लागेल हे यांनाही ठाऊक नसतं. सगळी गंमत त्यातच, असं हे म्हणतात.

आणि त्यासाठी यांना असिस्टंट लागतो. इंजिनात दोघं असतात. समोर सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं हात वर करून मोठ्यानं सांगायचं, "होम हिरवा!" असिस्टंटनं स्वतः बघून तेच पुन्हा म्हणायचं, "होम हिरवा!" चार डोळ्यांनी पाहिलेलं चुकत नाही, म्हणून ही पद्धत. स्टेशनात शिरण्याआधीचा तो होम सिग्नल, हे मला लग्नानंतर तिसऱ्या वाक्यात कळलं असावं. मीही निवृत्त झाल्यावर स्टुलावर बसून दुपारभर ओरडू लागले. शेजारच्या वहिनींना आधी वाटलं, आमची भांडणं वाढली.

आयुष्यात हे एकाच गोष्टीला घाबरले: डोळ्यांच्या तपासणीला. ठरावीक काळानं रेल्वेचे डॉक्टर ड्रायव्हरचे डोळे तपासतात. नापास झालेल्याला इंजिनावरून खाली उतरवून कुठल्यातरी टेबलाशी बसवतात. तपासणीच्या आदल्या दिवशी यांना जेवण जात नसे. गाजराचा जेवढा ढीग मी त्या काळात किसला तेवढा पुढे दोन्ही पोरींच्या लग्नात मिळूनही किसला नाही. पण हे शेवटपर्यंत पास होत गेले आणि एकही लाल सिग्नल न ओलांडता घरी आले. आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल या गोष्टीला मान.

गेल्या दिवाळीनंतर हे एकदम गरीब झाले. आधी हे सिग्नल सांगायचे आणि मला उशीर झाला की खेकसायचे, "झोपली काय व?" आता हे माझी वाट पाहायला लागले. मी बोलेपर्यंत गाडी हळू ठेवायची, मी बोलले की मागून खणखणीत आवाजात तेच म्हणायचं. मला वाटलं, वयानं माणूस निवळला. बहिणीला फोन करून मी सांगितलंसुद्धा, की उशिरा का होईना, आमचे हे सुधारले. कोर्टात जन्म गेल्यामुळे समोरचा खोटं बोलतोय हे आपल्याला लगेच ओळखू येतं, असा माझा मोठा समज होता.

मग एका दुपारी मी चुकले. शेगावात शिरताना दोन दिवे शेजारी शेजारी आहेत, एक आपला आणि एक बाजूच्या लाईनचा. माझं अर्धं लक्ष खाली कुकरकडे. मी बाजूचा पाहिला आणि म्हणाले, "होम हिरवा!" यांनी हात वर केला. "होम हिरवा!" गाडी तशीच आत गेली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. तेलाचे टँकर फळीवरून खाली पडले, इंजिन आडवं होऊन चाकं फिरवत राहिलं.

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. आपला दिवा यांच्या नाकासमोर होता. तो लालभडक होता आणि हे त्याच्याकडेच पाहत होते. हात अजून वर होता.

"लाल होता," मी म्हणाले.

यांनी हात खाली घेतला. बटण बंद केलं.

"दिसत नाही तुम्हाले?"

"बाजूचं दिसते सगळं. ज्याच्याकडं पाहतो तेच नाई दिसत," हे म्हणाले. "पुसून टाकल्यावानी."

मला इतका राग आला की मी पडलेला टँकर उचलून पुन्हा खाली आपटला. "मले सांगतलं काऊन नाही?"

"सांगून काय झालं असतं? उतरवलंच असतं ना खाली."

"कोण उतरवणार होतं इथं? मी?"

मी जिना उतरले आणि करपलेल्या डाळीसमोर बसून रडले. रागानं रडले, आणि किती महिने हा माणूस माझ्या डोळ्यांनी गाडी हाकत होता हे मला कळलं नाही, म्हणूनही.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळू. येताना एसटीत हे खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर माडीचा जिना यांनी सोडलाच. सकाळी पेपर हातात धरून बसायचे, वाचता येत नाही हे मला माहीत आहे हे माहीत असूनही.

शेवटी मलाच राहवेना. एका दुपारी मी एकटी वर गेले. रूळ पुसले, डबे लावले, खुर्चीत बसून बटण फिरवलं. गाडी बैल उधळावा तशी सुटली.

खालून आवाज आला, "अवं, झटका! डबे तोडतं काय?"

मी पुन्हा फिरवलं. पुन्हा झटका. जिन्यावर पावलं वाजली. हे आत आले, खुर्चीपाशी थांबले, मग माझ्या स्टुलावर बसले. माझ्या बोटांवर बोटं ठेवून यांनी बटण इतकं हळू फिरवलं की मला ते फिरल्याचंही कळलं नाही. मग हात काढून घेतला. गाडी निघाली.

बोगद्यातून बाहेर आल्यावर समोर दिवा होता. मी सवयीनं यांच्याकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहतं? आधी ड्रायव्हरनं बोलाचं असते," हे म्हणाले. "मले दिसत नाई. तू सांग."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हे इतक्या साधेपणानं बोलले.

"होम पिवळा!" मी हात वर केला.

"होम पिवळा!" यांचा आवाज खिडकीबाहेर गेला.

मी दिव्याकडे पाहिलं आणि गोंधळले. "थांबा. दोन पिवळे दिसून राह्यले मले."

मग यांचा हात माझ्या गालापर्यंत आला, ओला झाला.

"शंका आली की गाडी थांबवाची," हे म्हणाले. "थांबव. डोळे पूस. मंग पाह्य."