दिघ्यांची रजा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नसे. परवा भाच्याने विचारलं, "मामा, हाताखालची माणसं फार टेन्शनमध्ये असतात हो. तुम्ही कसं सांभाळायचात?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, विचारपूस करावी, रजा अडवू नये. तो खूश झाला. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

विचारपूस मी करत होतो, हे खरं आहे. त्याचीच तर लाज वाटते.

मध्यभारत मोडून नवं राज्य होणार होतं, तेव्हाची गोष्ट. राजधानी भोपाळला, म्हणजे कचेऱ्या जाणार, माणसं जाणार. उज्जैनच्या एका छोट्या सरकारी कचेरीचा मी प्रमुख होतो. कुणाला उचलतील, कुणाला ठेवतील, काही कळेना. सगळेच धास्तावलेले, पण दिघे नावाचे आमचे कारकून सर्वांत जास्त. बायको मागेच वारलेली. माधवनगरात म्हाताऱ्या आईबरोबर राहायचे. आईचा एकच हट्ट — क्षिप्रेचा काठ सोडून मी मरायला दुसरीकडे जाणार नाही.

त्याच सुमारास मी इंदूरला बैठकीला गेलो. निघताना वरिष्ठांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "आपका दफ़्तर जैसा है, वैसा ही रहेगा। कोई कहीं नहीं जा रहा। जाकर सबको बता दीजिए, बेचारे घबरा रहे होंगे।"

इतकं स्पष्ट. सांगा, म्हणाले. मग मी का नाही सांगितलं?

दुसऱ्या दिवशी सांगायचं म्हणूनच कचेरीत शिरलो. सगळे उभे राहिले. एरवी अर्धवट उठल्यासारखं करून बसणारेही ताठ उभे. माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मला ते — कसं सांगू — आवडलं. ज्यांना मी कधी धाकात ठेवू शकलो नव्हतो, ते त्या दिवसांत मला विचारून पान खायला जायचे. कामं पडून राहत नव्हती. "अजून काही ठरलं नाही," मी म्हणालो. आजचा दिवस राहू दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो.

दिघ्यांच्या लिहिण्यात चुका व्हायला लागल्या होत्या. कागदावर शाई सांडायची. एकदा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "साहेब, भोपाळमध्ये तर मकानच नाही मिळत म्हणतात. आईला घेऊन मी जाऊ कुठं? तिची तबियत पण ठीक नाही राहत."

मी त्यांना बसवलं. चहा मागवला. झोपताना दूध घेत जा, सकाळी फिरायला जात जा, असा सल्ला दिला. वर म्हणालो, "तुमच्यासाठी शब्द टाकून बघतो." बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, साहेब किती आपुलकीने विचारतात. मी आतून ऐकत होतो. एका वाक्याने त्या माणसाला झोप लागली असती, आणि मी त्याला दूध प्यायला सांगत होतो.

मग ते रजा मागायला आले. आईला भुसावळला तिच्या भावाकडे पोचवायचं ठरवलं होतं. "फार रडते आहे, साहेब. पण ऐन वेळी ऑर्डर आली तर मी एकटा काय करू?"

तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलायचं होतं. पण आता बोललो, तर इतके दिवस गप्प का होतो, हे सांगावं लागलं असतं. मी रजा मंजूर केली. आईंना नमस्कार सांगा, म्हणालो. खरंच म्हणालो.

ते परत आल्यावर काही दिवसांनी मी सगळ्यांना सांगून टाकलं. दिघ्यांना मात्र आत बोलावून वेगळं सांगितलं — "तुमचं काम झालं." ते माझ्या पाया पडले. मी पडू दिलं.

आईला आणायला ते लगेच निघणार होते. पण त्या परक्या घरात ती न्हाणीत पाय घसरून पडली होती. प्रवास करणं शक्यच नव्हतं. ती तिथेच गेली.

अस्थी घेऊन दिघे उज्जैनला आले. मला घाटावर बोलावलं, मी गेलो. विधी झाल्यावर त्यांनी गुरुजींना माझी ओळख करून दिली. "हे आमचे साहेब. यांनीच माझी बदली रोखली. नाहीतर आईला एवढं पण इथं आणता आलं नसतं."

गुरुजींनी मला हात जोडले. मीही जोडले.

मग दरवर्षी आईच्या श्राद्धाला दिघे मला आग्रहाने जेवायला बोलवत. स्वतः वाढत. मी जात असे, आणि पोटभर जेवून येत असे.