भाईंच्या वायरीतलं इंटरनेट

केबल-इंटरनेटच्या ऑफिसात तक्रारीचा फोन उचलायची नोकरी असली, की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपणहून येतात, आणि येतात तेही चिडलेले! मी लातूरला अकरा वर्षं हा फोन उचलला. कुणी नेट बंद पडलं म्हणून ओरडायचं, कुणी चालू का आहे म्हणून!

ऑफिस क्लासेसच्या गल्लीत. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही तिघं. मालक युसूफभाई. त्यांच्या घरात चार पिढ्या लातुरातच गेलेल्या. लाईनमन गोविंद, बिलोलीचा. रागावला की तेलुगूत बोलायचा, त्यामुळं ग्राहकांना तो रागावलाय हे कळायचंच नाही. आणि मी, शोभा. माहेर नांदेडकडचं, लोह्याचं. आजूबाजूला नुसती होस्टेलं. अख्ख्या मराठवाड्यातून डॉक्टर व्हायला आलेली पोरं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला आलेल्या आया!

*

नोकरीचा पहिलाच आठवडा. धर्माबादहून पोराबरोबर येऊन इथं खोली करून राहिलेल्या एका बाईंचा फोन आला.

"मॅडम, एक काम करा. पोराच्या मोबाईलवर फक्त फिजिक्स येऊ द्या. बाकीचं समदं बंद करा."

मी गोंधळले. भाईंकडं फोन दिला. भाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ताई, वायर एकच हाय. तिच्यातून फिजिक्स येतं तसं क्रिकेट बी येतं. काय बघायचं ते तुमच्या पोराच्या हातात."

बाई म्हणाल्या, "बरं, मग मीटर तरी बसवा. दिवसाला किती फिजिक्स आलं ते मला कळू द्या!"

*

एका होस्टेलातून रोज दुपारी तक्रार. दोन ते पाच नेट रडतंय. गोविंद तीनदा वायर बदलून आला. खांबावर चढला, उतरला, तेलुगूत बोलला. सगळं नीट!

चौथ्यांदा तो न सांगता बरोबर अडीच वाजता गेला. बघतो तर राउटरवर हे मोठं स्टीलचं पातेलं पालथं घातलेलं!

होस्टेलच्या काकू अजिबात ओशाळल्या नाहीत. "बंद केलं तर पोरं भांडतात," त्या म्हणाल्या. "झाकलं तर कुणाला कळत न्हाई. तुमच्याच नावानं बोंबलतात!"

गोविंदनं येऊन सांगितलं तेव्हा भाई पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "शोभाताई, लिहून ठेवा. ह्या काकू पातेल्यानं जे करून राहिल्या, तेच उद्या मोठे लोक टाय लावून करतील!"

तेव्हा मला ते काही कळलं नाही. पातेलं मात्र लक्षात राहिलं.

*

मध्ये एक काळ असा आला, की फुकट इंटरनेटच्या स्कीमची फार हवा होती. ठरावीक चार-पाच साईट फुकट, बाकीचं बंद. माझा भाऊ बालाजी लोह्याला शेती करतो. त्यानं फोन करून सांगितलं, "ताई, तुमच्या भाईला म्हणावं दुकान बंद करा. हितं फुकट नेट आलंय!"

आठ दिवसांनी परत फोन. आवाज उतरलेला.

"ताई, सोयाबीनचा लातूरचा भाव बघायचा होता. उघडतच न्हाई. नांदेडचा बी न्हाई. हवामान न्हाई. पोरीच्या निकालाचं न्हाई."

"मग उघडतं काय?"

"लोकांचे वाढदिवस उघडतात! कालपासनं बावीस जणांना शुभेच्छा देऊन बसलोय!"

मी हसायला लागले, तर तो आणखी चिडला. "हसू नको. पंगतीला बसवलं म्हणून गेलो, तर ताटात नुसतं लोणचं!"

हे वाक्य मी भाईंना सांगितलं. भाईंनी पुढं वर्षभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं, आणि दर वेळी बालाजीचं नाव घेऊन. आमच्या बालाजीला लातुरात तो कधीही न भेटलेली माणसं ओळखायला लागली!

*

त्याच सुमारास सरकारनं लोकांची मतं मागवली. कंपन्यांनी एक साईट जोरात आणि दुसरी हळू चालवावी का, असा विषय. ईमेलनं कळवायचं. गल्लीतली पोरं अभ्यास सोडून ईमेल पाठवायला लागली. इंग्रजीत तयार मजकूर फिरत होता, खाली फक्त नाव घालायचं.

गोविंद म्हणाला, "ताई, मला बी मत हाय."

मी तयार मजकूर उघडला. तो म्हणाला, "हे न्हाई. हे दुसऱ्याचं मत हाय. मी सांगतो तसं लिहा." आणि कंबरेचा पट्टा सोडून, नीट खुर्चीवर बसून त्यानं सांगितलं, "माझं नाव गोविंद. मी खांबावर चढतो. वर गेल्यावर कोणती वायर मोठ्या माणसाची आणि कोणती गरिबाची, हे दिसत न्हाई. ते तसंच राहू द्यावं, ही विनंती. आपला विश्वासू."

मी पाठवून दिलं. मिनिटभरात उत्तर आलं. आपलं मत मिळालं, धन्यवाद, असं इंग्रजीत. ते सगळ्यांनाच आपोआप येत होतं, पण मी काही बोलले नाही. गोविंदनं खालून त्याची प्रिंट काढली, लॅमिनेशन केलं आणि घरी दारासमोर लावलं.

पाहुण्यांना सांगायचा, "दिल्लीनं मला इचारलं होतं!"

*

आमच्या गल्लीत फिजिक्सचे एक मोठे सर होते. बोर्डावर त्यांचा फोटो दोन मजले उंच. त्यांच्या क्लासची अकरा होस्टेलं आमच्याच नेटवर. एक दिवस सर स्वतः जिना चढून वर आले. भाईंनी खुर्ची पुसून दिली.

सर म्हणाले, "भाई, माझे व्हिडिओ लेक्चर एकदम झटक्यात उघडले पाहिजेत."

"उघडतात की, सर."

"आणि समोरच्या क्लासचे..." सरांनी हवेत बोट गोल फिरवलं. "बंद करा असं म्हणत नाही मी. जरा गोल गोल फिरू द्या. पोरं कंटाळून आपोआप माझ्याकडं येतील."

भाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "सर, समोरच्याच्या वर्गातले दिवे घालवायला मी लाईनमन ठेवलेला न्हाई."

"अकरा होस्टेलं आहेत माझी, भाई!"

"हाव, माहीत हाय. पोरांना माझा सलाम सांगा."

आठवड्याभरात अकराही होस्टेलं दुसऱ्या केबलवाल्याकडं गेली. सरांना हवं ते त्यानं करून दिलं, असं गल्लीत सगळे म्हणत होते. आमच्याकडं फोन वाजेनासा झाला. मी स्वेटर विणायला घेतला. गोविंद नुसताच खांबाकडं बघत बसायचा. भाई हसायचे, पण दुपारचा डबा तसाच परत न्यायचे. मला वाटलं, संपलं आपलं.

तीन महिन्यांनी एका बाईंचा फोन आला. नवं कनेक्शन पाहिजे, आजच पाहिजे, आणि वायर मागच्या बाजूनं आणा. गोविंद पत्त्यावर गेला आणि तिथूनच मला फोन केला, कुजबुजत. "ताई, हा तर सरांचा बंगला हाय!"

दारात सरांच्या मिसेस उभ्या. गोविंद म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं तर दुसरं नेट हाय ना?"

"आहे ना," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यावर समोरच्या क्लासची केमिस्ट्री उघडत नाही. आमची मुलगी बारावीला आहे हो! आणि केमिस्ट्री ह्यांना तरी कुठं येते?"

होस्टेलातल्या पोरांनाही केमिस्ट्री हवीच होती; पुढच्या महिन्यात होस्टेलं एकेक करून परत आली. सर स्वतः आले नाहीत. भाईंनी विषय काढला नाही. मी स्वेटर मात्र अर्धाच ठेवला!

*

शेवटचा किस्सा माझ्यासमोर सांगितला गेला, घडला मात्र माझ्या फार आधी.

एका मोठ्या कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला होता. तरुण, गोड बोलणारा. पडद्यावर 'प्रायॉरिटी स्कीम' आणि रंगीत बाण. भाईंनी विचारलं, "हे प्रायॉरिटी म्हणजे काय?"

"म्हणजे सर, काही लोकांचं आधी जाणार."

भाईंनी त्याला चहा दिला आणि बोलायला लागले.

"भूकंपाचा दुसरा दिवस. मी बावीस वर्षांचा. दवाखान्याजवळ माझं एसटीडीचं दुकान होतं. आजूबाजूच्या समद्या लाइनी मेलेल्या, माझी एक चालू. रांग पार रस्त्यापर्यंत. सगळ्यात पुढं एक मावशी, डोक्याला पट्टी, हातात चिठ्ठी. तिचा हैदराबादचा नंबर काही लागेना. मी फिरवून राहिलो, फिरवून राहिलो. तेवढ्यात पांढरी जीप आली. ड्रायव्हर उतरून म्हणला, 'सरका, साहेबांचं अर्जंट हाय.' रांगेतनं एक जण म्हणला, 'मग आम्ही काय बारशाचं आमंत्रण देऊन राहिलो का?'

"खरं सांगतो, मी घाबरलो. रिसीव्हर ठेवायला हात खाली आणला होता. आणि नंबर लागला! मावशीनं रिसीव्हर उलटाच धरला, मी सरळ करून दिला. ती मोठ्यानं म्हणली, 'आरं, मी हाय! मी हाय!' पलीकडनं पोरगा नुसता रडत होता. तिनं अजून एकदा 'मी हाय' म्हणलं आणि ठेवून दिला.

"चिठ्ठीवर दुसरा बी नंबर होता. धाकटा पोरगा, सोलापूरला. मी म्हटलं, 'थांबा मावशी, हा बी लावून देतो.' तिनं मागं रांगेकडं बघितलं. म्हणली, 'न्हाई बाबा. माझी पाळी झाली.' आणि हळूहळू चालत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली."

भाई चहा प्यायला लागले. लॅपटॉपवरचे बाण तसेच हलत होते.

"आणि साहेब?" त्या पोरानं विचारलं. "त्यांचा फोन लागला का?"

"लागला की," भाई म्हणाले. "दुपारी. मावशीच्या दुसऱ्या नंबरनंतर."