लिबर्टीच्या गालावरचा तडा

"ओरखडा आहे आर्लीन, ओरखडा! कुणाच्या तरी किल्ल्यांबरोबर खिशात घासला गेलाय."

"गॉर्डननं आयुष्यात नाणं खिशात टाकलं नाही. मला घराची किल्ली द्यायला विसरायचा, पण नाण्याला मऊ पाकीट!"

"त्याच्याआधीच्या कुणाच्या तरी खिशात. दोनशे वर्षं जुना अर्धा डॉलर आहे हा. गॉर्डन काय टांकसाळीच्या दारात उभा होता?"

ओहायोतल्या त्या चर्चच्या तळघरात दर मंगळवारी दुपारी नाणेमंडळ भरायचं. बाकीची मंडळी पलीकडे डोनटभोवती जमली होती. आर्लीन टिबेट्सनं तिच्या दिवंगत नवऱ्याचं, गॉर्डनचं, नाणं दाखवायला आणलं होतं आणि वेंडेल क्राउस भिंगावरून डोळा न काढता तिच्याशी भांडत होता.

भांडण एका रेघेचं होतं. एकाच सालचे अर्धे डॉलर टांकसाळीतल्या ठशांच्या डझनावारी जोड्यांतून पडले; पुढचा एक ठसा, मागचा एक, आणि प्रत्येक जोडीला संग्राहकांनी दिलेला नंबर. कुठे तारा जरा कलता, कुठे गरुडाची नखं आखूड. बघणाऱ्याला सगळे सारखेच. वेंडेलला मात्र प्रत्येकाचं घराणं पाठ. त्यातल्या एका जोडीच्या ठशाला लवकरच तडा गेला आणि त्या फटीत धातू शिरून नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, गालावर तो रेघ होऊन उमटला. असे तीनच अर्धे डॉलर माहीत होते. त्यातला सर्वांत देखणा वेंडेलचा. मंडळाच्या यादीत त्याच्या नावापुढे 'सर्वोत्तम नमुना' छापून येई. गाडीच्या नंबरपाटीवरही त्यानं त्या जोडीचा नंबर घेतला होता. पेट्रोल पंपावरची पोरं तो लॉटरीचा आकडा समजायची.

चौतीस वर्षं तो विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासत होता. दाराला पोचा दिसला की म्हणायचा, "हा जुना आहे, याचे पैसे मिळणार नाहीत." निवृत्त झाला आणि जुन्या चिरांच्याच प्रेमात पडला. बायको, जोअॅन, म्हणायची, "माझ्या गालावरच्या सुरकुत्या कधी भिंगातून बघितल्यास?" त्यावर त्यानं खरोखरच भिंग उचललं होतं. दोन दिवस घरात जेवण शिजलं नव्हतं.

"तूच नवशिक्यांच्या वर्गात शिकवलंस ना," आर्लीन म्हणाली, "रेघ उंच असेल तर ठशाचा तडा, खोल असेल तर ओरखडा?"

"मग बघ की! खोल आहे."

तिनं वाकून पाहिलं. खोलच दिसत होती. वेंडेल हळूच मागे टेकला.

"पण वेंडेल, दिवा असा पोटाशी का घेतलायस?"

"कुठे?"

"वर्गात नाण्याच्या वरच्या बाजूला ठेवतोस. खालून उजेड आला की उंचवटा खड्डा वाटतो, नवशिक्याची पहिली चूक, असं म्हणून त्या बिचाऱ्या पोस्टमनला सगळ्यांसमोर हसला होतास."

"टेबल अरुंद आहे इथलं."

"टेबल तेच आहे रे! तुला बरं वाटत नाहीये का? कॉफी आणू?"

खरं तर दिवा कधी खाली ओढला, हे वेंडेललाही सांगता आलं नसतं. पाकिटातून नाणं निघालं, रेघ चमकली आणि हात आपोआप दिव्याकडे गेला. पुढच्याच महिन्यात नवी यादी छापायला जायची होती.

आर्लीननं दिवा उचलून पलीकडे ठेवला. "हं. आता सरक."

रेघ ताठ उभी राहिली. गालावरून थेट केसांच्या बटेपर्यंत. आणि बट! वेंडेलच्या नाण्यात ती झिजून सपाट झाली होती. इथे तिचा एकेक केस मोजता आला असता.

"अगं बाई!" आर्लीन हरखली. "म्हणजे हा चौथा? माझ्या गॉर्डनकडे? आणि त्याला मेला पत्ताच नाही!" तिनं डोळे पुसले, मग पेन्सिल आणि पाकीट पुढे ओढलं. "जोडीचा नंबर मी लिहिते. पण कुठला नमुना कितवा लागतो, ते मला अजून कळत नाही. तूच सांग. तुझ्यापेक्षा चांगला की वाईट? जे असेल ते सांग हं, माझं मन राखायला म्हणून वाढवून सांगू नकोस."

पेन्सिल हवेतच थांबली.

वेंडेलनं भिंग मिटलं, खिशात टाकलं. खुर्चीवरचा कोट हातावर घेतला आणि डोनटवाल्यांतून वाट काढत जिना चढून निघून गेला.