केतनच्या लॅपटॉपमधली टकटक

हसणार नसाल तर सांगतो. अशी माती खाल्लीय मी, की नुसतं आठवलं तरी डोकं फिरतं!

दिवसा नंदेसरीच्या कारखान्यात नोकरी, उरलेल्या वेळात माझी गाणी. शब्द माझे, चाल माझी, गळा माझा, गिटार माझी. अल्बमला नव्या जमान्याचे इलेक्ट्रॉनिक आवाज भरायला वासणा भागातला केतन. गुजराती पोरगा, गुणी, पण लॅपटॉपवाला. आणि या लॅपटॉपवाल्यांचा हात कुठे थांबतो का, सांगा!

सगळ्यात हळवं गाणं त्यानं ऐकवलं. आणि त्यात काय? टक्. टक्. टक्!

"हे काय सुतारकाम चाललंय? काढ ते!"

"भाऊ, ए तो..."

"तोंड वर करून बोलू नकोस. काढ!"

त्यानं ड्रम काढले. टक् होतंच. मी खवळलो. त्यानं कीबोर्डचे आवाज काढले. टक्!

"वाट लावलीस माझ्या गाण्याची! माणसाच्या हाताला काही किंमत?"

"भाऊ, सांभळो तो खरा..."

"काय ऐकू, कपाळ? सगळं काढ, नाहीतर अल्बम इथंच बंद!"

बिचाऱ्यानं महिनोन्‌महिन्यांची मेहनत मुकाट्यानं पुसून टाकली. उरली नुसती माझी गिटार. तरी टक्!

मग मी गिटारच उचलली. "हे बघ! लाकूड आणि तारा. यात आहे का टकटक?" आणि तावातावानं वाजवायला लागलो.

टक्. टक्. टक्.

केतननं माझ्या शर्टाकडे बोट दाखवलं. "भाऊ, अंदर शुं छे?"

आत जानवं, आणि जानव्याला कपाटाची किल्ली! हरवू नये म्हणून आमच्याकडे वडिलांपासून तिथंच बांधतात. ती मेली गिटारीच्या पाठीवर आपटत होती.

"अरे, मग आधी बोलला का नाहीस?"

"तमे बोलवा दीधो?"

बोलू कुठं दिलं होतं मी त्याला! राग तर असा आला म्हणता! पण काढू कोणावर? किल्ली सोडून ठेवली आणि गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, अगदी जीव ओतून. केतननं शेवटपर्यंत ऐकलं आणि हळूच हेडफोन काढले.

"भाऊ, सूर बराबर छे. पण ताल तो पेली चावीनो हतो!"

आता अल्बमचे सगळे नवे आवाज त्यानं त्या किल्लीच्या टकटकीवरच बसवलेत. रेकॉर्डिंगच्या आधी रोज विचारतो, "चावी पहेरी?" आणि मला, एवढ्या मोठ्या गवयाला, शर्टात हात घालून जानव्याला किल्ली आहे का ते चाचपावं लागतं.